मुळाच्या पेशीतली ने-आण: पुटिका, तंतू आणि नलिका यांचं जमतं कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वनस्पतिशास्त्र शिकवताना हे प्रश्न दरवर्षी येतात. बहुतेक विद्यार्थ्यांचे असतात, एखाद-दुसरा शेती करणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी, म्हणून हे पान. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी मूलरोमच, म्हणजे मुळावरच्या लवेतला एक केस, घेतला आहे. वेगळं नाव दिलेलं नसेल तिथे वनस्पती ॲराबिडॉप्सिस समजावी. मोहरीच्या कुळातलं हे एक किरकोळ तण, पण जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं.

पुटिका म्हणजे नेमकं काय? त्यात भरलेलं काय असतं?

पटलाची बारीकशी पिशवी. व्यास साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. आत पेक्टिनसारखे भित्तिकेचे (पेशीच्या बाहेरच्या भिंतीचे) घटक असतात, बाहेर सोडायची विकरं असतात. एक गोष्ट मात्र विद्यार्थी हमखास विसरतात: पिशवीचं कापड हाही माल असतो. पुटिका प्रद्रव्यपटलात, म्हणजे भिंतीच्या आतल्या पेशीच्या पटलात, मिसळली की तिचं पटल तिथेच राहतं, आणि त्या पटलात बसवलेली प्रथिनंही. सेल्युलोज तयार करणारं यंत्र आणि ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक बाहेर टाकणारी पिन प्रथिनं अशीच आपल्या जागी पोचतात. यीस्ट आणि प्राण्यांच्या पेशींतली ही वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. वनस्पतींतली बरीचशी अवजारं त्याच घराण्यातली आहेत.

पेशीकंकाल म्हणजे पेशीचा सांगाडाच ना?

नाव फसवं आहे. हाडांचा सांगाडा वर्षानुवर्षं तसाच राहतो, हा मिनिटागणिक मोडतो आणि पुन्हा उभा राहतो. यात दोन मंडळी आहेत. ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाड, सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर. तंतूंवरून मायोसिन नावाची मोटर, म्हणजे माल ओढणारी प्रथिनं, चालतात, नलिकांवरून कायनेसिन. शिवाय वनस्पतीच्या पेशीला आकार टिकवायला सांगाडा लागतच नाही, त्यासाठी बाहेर भित्तिका आहे. सांगाडा त्या भित्तिकेचं काम कुठे आणि कोणत्या दिशेने चालावं, हे ठरवतो.

प्राण्यांच्या पेशीत हेच चालतं का?

अर्धंच. प्राण्यांत लांब पल्ल्याची वाहतूक मुख्यतः सूक्ष्मनलिकांवरून होते, आणि त्यात डायनीन नावाच्या मोटरचा मोठा वाटा असतो. सपुष्प वनस्पतींत डायनीनच नाही. इथे लांबच्या प्रवासाचा भार ॲक्टिन आणि मायोसिनवर पडतो. ॲराबिडॉप्सिसमध्ये मायोसिनची १७ जनुकं आहेत, त्यातली १३ ‘अकरा’ या वर्गातली.

पेशीद्रव्य फिरताना पहिल्यांदा पाहिलं ते इटलीतल्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी, १७७४ साली. कारा नावाच्या शैवालाचं मायोसिन माहीत असलेल्यांत सर्वांत वेगवान. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली त्याचा मोटरचा भाग ॲराबिडॉप्सिसच्या मायोसिनला जोडला, आणि झाडं मोठी झाली. मोटर मंद करून पाहिली, तर झाडं खुजी राहिली. ने-आणीचा वेग आणि झाडाचा आकार यांचं नातं इतकं सरळ असेल, असं मला तो शोधनिबंध वाचेपर्यंत वाटलं नव्हतं.

‘तंतू म्हणजे रस्ते, पुटिका म्हणजे ट्रक’ असं आम्हाला शिकवलं. ते बरोबर आहे ना?

पहिल्या तासापुरतं बरोबर. मीही तसंच सांगतो आणि मग पुढचा महिना ते पुसण्यात घालवतो. या उपमेत रस्ते आधीपासून तयार असतात, ट्रक नंतर येतात आणि वाहतूक नियंत्रण तिसऱ्याच खात्याकडे असतं. पेशीत तसं नसतं. ट्रकने आणलेल्या मालातूनच पुढचा रस्ता कुठे बांधायचा हे ठरतं. रस्ता जिथे संपतो तिथेच माल उतरतो. उतरलेल्या मालामुळे रस्ता पुन्हा मोडतो. दोघांना कामाला लावणारं प्रथिनही बऱ्याचदा एकच निघतं. म्हणून ‘पुटिका आणि पेशीकंकाल यांचा समन्वय कोण साधतं?’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. खालचा मूलरोमाचा भाग वाचलात की मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल.

मूलरोमच का निवडला?

कारण तो फक्त टोकाला वाढतो. मुळाच्या बाह्यत्वचेतल्या एकाच पेशीला फुटलेली ही नळी. जाडी सुमारे १० मायक्रोमीटर, वाढीचा वेग मिनिटाला १ मायक्रोमीटर किंवा त्याहून थोडा जास्त. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट. बाजूची भित्तिका घट्ट झालेली असते, टोकाची मऊ असते, म्हणून दाबाने टोक पुढे सरकतं. ते सरकत असताना नवा माल वेळेवर पोचला नाही तर टोक फुटतं. चुकीच्या जागी पोचला तर फुगवटा येतो किंवा नळीला फाटा फुटतो. समन्वय बिघडलेला इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या पेशीत क्वचितच दिसतो.

संख्येचाही विचार करा. हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ साली राय या तृणधान्याच्या एकाच रोपाचे मूलरोम मोजून हिशेब मांडला. तो आला सुमारे १४ अब्ज.

एका मूलरोमाला किती पुटिका लागत असतील?

हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करता येतो. नळीचा व्यास १० मायक्रोमीटर, म्हणजे घेर ३१ च्या आसपास. मिनिटाला १ मायक्रोमीटर वाढ म्हणजे दर मिनिटाला ३१ चौरस मायक्रोमीटर नवं पटल. १०० नॅनोमीटरच्या एका पुटिकेचं पृष्ठफळ ०.०३१ चौरस मायक्रोमीटर. भागाकार केला की येतात १०००. मिनिटाला हजार, सेकंदाला सोळा-सतरा, तेही एका टोकाच्या एवढ्याशा घुमटावर.

आणि हा आकडा कमीत कमी आहे. भित्तिकेला पुरेसा माल द्यायचा तर पुटिका याहून जास्त रिकाम्या कराव्या लागतात, मग पटल गरजेपेक्षा जास्त साचतं. ते जास्तीचं पटल क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीतून पुन्हा आत ओढलं जातं. म्हणजे टोकाशी एकाच वेळी उतरणीही चालू आणि चढणीही.

‘इथेच वाढायचं’ हे पेशीला कळतं कसं?

नळी फुटण्याच्या कितीतरी आधी जागा ठरलेली असते. मुळाच्या टोकाकडच्या बाजूला प्रद्रव्यपटलावर जीईएफ३ नावाचं प्रथिन एक ठिपका आखून ठेवतं. त्या ठिपक्यावर रॉप२ येऊन बसतं. रॉप हे बटण आहे: जीटीपी हा छोटा रेणू धरला की चालू, त्याचाच भाऊबंद जीडीपी धरला की बंद. रॉप२ सगळीकडे चालू ठेवलं तर भलत्याच ठिकाणी रोम उगवतात. त्याला आवर घालणारं एससीएन१ हे प्रथिन काढून टाकलं तर एकाच पेशीला दोन-तीन रोम फुटतात.

आता इथे नीट लक्ष द्या. चालू झालेलं रॉप काय काय करतं? त्याचे काही हस्तक ॲक्टिनची जुळणी वाढवतात, काही पुटिका बांधून धरणाऱ्या प्रथिनांपर्यंत पोचतात. आरएचडी२ हे विकरही याच ठिपक्यावर कामाला लागतं. ते क्रियाशील ऑक्सिजन रेणू तयार करतं, आणि त्यांच्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात. म्हणजे तंतूंचं खातं आणि पुटिकांचं खातं यांची नंतर कुणी बैठक घालून सांगड घातलेली नाही. दोघांचा हुकूम एकाच टेबलावरून निघतो. आणि ते टेबल हलवणारी सामग्री, म्हणजे नवं पटल आणि त्यातली प्रथिनं, पुटिकाच घेऊन येतात.

पुटिका टोकाशी पोचल्यावर पुढे काय होतं?

मूलरोमाच्या दांड्यात ॲक्टिनचे जाड जुडगे लांबीच्या दिशेने असतात. मुख्यतः मायोसिन अकरा-के हे मोटर इथे राबतं. त्याचं जनुक निकामी केलं की रोम आखूड राहतात. पेशीद्रव्य कडेकडेने पुढे जातं आणि मधून मागे फिरतं, उलट्या कारंज्यासारखं. पण अगदी टोकाशी हे जुडगे पोचतच नाहीत. टोकाच्या अलीकडे ते विरळ होऊन बारीक तंतूंचं जाळं उरतं. त्यापुढचा घुमट सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ, काचेसारखा दिसतो, कारण मोठे अवयव तिथे शिरू शकत नाहीत. पुटिका मात्र गच्च भरलेल्या असतात.

रस्ता नेमका तिथेच का संपतो? तर कॅल्शियममुळे. दांड्यातल्या पेशीद्रव्यात कॅल्शियमची पातळी १०० नॅनोमोलरच्या आसपास असते, टोकाशी ती दसपट किंवा त्याहून वर जाते. एवढ्या कॅल्शियममध्ये ॲक्टिनचे तंतू तोडणारी प्रथिनं कामाला लागतात, मायोसिन अकराची चाल मंदावते, आणि पुटिका पटलाशी एकजीव व्हायला मदत होते. रस्ता मोडणं, हमालाने ओझं टाकणं आणि दार उघडणं, तिन्ही कामं एकाच खुणेवर.

उतरलेली पुटिका लगेच मिसळत नाही. आधी एक्सोसिस्ट नावाचा आठ प्रथिनांचा गट तिला पटलाशी दावणीला बांधतो. तो कुठे बसेल हे पटलातल्या फॉस्फोइनोसिटाइड या मेदांवरही अवलंबून असतं. यातला पीआयपी२ टोकाशी जास्त असतो. तो एक्सोसिस्टला जागा देतो आणि ॲक्टिनची जुळणी करणाऱ्या प्रथिनांनाही हाताशी धरतो. येणाऱ्या पुटिकांवर राब-ए४बी नावाचं लेबल असतं, आणि त्या लेबलाला चिकटलेलं विकर हेच मेद बनवण्याची पहिली पायरी पार पाडतं. पत्ता लिहिणारी शाई पार्सलातूनच आली, म्हणा ना.

मग वाढ सलग होते की थांबत थांबत?

लाटांत होते. गंमत म्हणजे वाढीचा झटका आधी येतो आणि कॅल्शियमची लाट काही सेकंदांनी मागून येते. त्यामुळे कॅल्शियम हा नुसता पुढे हाकणारा चाबूक नाही, लगामही आहे. टोक फार ताणलं जाऊ नये म्हणून भित्तिका लगेच घट्ट करण्यात त्याचा हात असतो.

सूक्ष्मनलिका या सगळ्यात बिनकामाच्या आहेत का?

मूलरोमापुरतं बोलायचं तर वाढ त्यांच्यावाचून थांबत नाही, पण वाट चुकते. बिबिकोव्हा, ब्लँकाफ्लोर आणि गिलरॉय यांनी १९९९ साली दाखवलं की नलिका औषधाने मोडल्या किंवा गोठवल्या तरी रोम जवळपास त्याच वेगाने वाढतो. फक्त नागमोडी होतो, आणि कधीकधी एकाच रोमाला दोन टोकं फुटतात. गाडी चालू, सुकाणू गेलं.

मुळाच्या लांबट होणाऱ्या पेशींत मात्र नलिकांचा मान मोठा. पॉल ग्रीन यांनी १९६२ साली अंदाज केला होता की भित्तिकेतल्या सेल्युलोजची दिशा ठरवणारं काहीतरी नळीसारखं पेशीत असणार. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना त्या नलिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रद्रव्यपटलाला लागून दिसल्या. सेल्युलोज विणणारी यंत्रं नलिकांच्या रेषेत चालतात, हे प्रत्यक्ष पाहायला २००६ साल उजाडलं. पुढे असंही दिसलं की ही यंत्रं घेऊन येणाऱ्या पुटिका पटलावर नलिकांजवळच उतरतात. म्हणजे नलिका इथे रस्त्यापेक्षा थांब्याचं काम जास्त करतात. हे चित्र मुख्यतः कोवळ्या अंकुराच्या खोडात पाहिलं गेलं आहे, मुळात नव्हे. त्यामुळे मुळाला ते जसंच्या तसं लावताना जरा जपून.

मुळातलाच पुरावा हवा असेल तर क्लॅस्प पाहा. हे प्रथिन नलिकांना चिकटतं, आणि एसएनएक्स१ या पुटिकांच्या वर्गवारीतल्या प्रथिनालाही. क्लॅस्प नसलं की पिन२ पटलावर परत यायच्या ऐवजी रिक्तिकेत जाऊन नष्ट होतं. नलिका आणि पुटिका यांना जोडणारा हा खराखुरा खिळा.

कांद्याच्या मुळाग्राचं प्रॅक्टिकल केलं होतं. त्यात यातलं काही दिसतं का?

दिसतं, पण बघायला कुणी सांगत नाही! आपण सगळे गुणसूत्रं मोजण्यात गुंग. पुढच्या वेळी अंत्यावस्थेतली पेशी शोधा. दोन केंद्रकांच्या मधोमध एक पुसटशी आडवी रेघ दिसेल. ती पेशीपट्टिका. तिच्या दोन्ही बाजूंना सूक्ष्मनलिकांचा गठ्ठा असतो, त्याला फ्रॅग्मोप्लास्ट म्हणतात. गॉल्जीकडून निघालेल्या पुटिका या नलिकांवरून मध्यावर येतात, नोल नावाच्या प्रथिनाच्या मदतीने एकमेकींत मिसळतात आणि बघता बघता तिथे नवी भिंत उभी राहते. मधला भाग बांधून झाला की तिथल्या नलिका विरघळतात आणि कडेला नव्या उभ्या राहतात, त्यामुळे बांधकाम मधून कडेकडे सरकतं. मूलरोमात ॲक्टिन जे करतं ते इथे नलिका करतात. एकाच मुळात दोन वेगळ्या पद्धती.

भिंत कुठे टेकायची याची खूण तर विभाजनाआधीच नलिकांच्या एका पट्ट्याने केलेली असते. तो पट्टा १९६६ साली पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी गव्हाच्या पेशींत पाहिला.

मूळ खाली वळतं त्यात पुटिकांचा काय संबंध?

मुळाच्या टोपीतल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं केलं की ते नव्या तळाशी घरंगळतात. काही मिनिटांतच पिन३ प्रथिनं पुटिकांतून हलून खालच्या बाजूला जमू लागतात, ऑक्सिन खाली जास्त जातं, तिथली वाढ मंदावते आणि मूळ वळतं.

यात ॲक्टिन मोडलं तर मूळ वळायचं थांबेल, असंच कुणालाही वाटेल. झालं उलटंच. लॅट्रन्क्युलिन हे ॲक्टिन मोडणारं विष दिलेली मुळं जास्त वळली, आणि गुरुत्वाची दिशा बदलून संपल्यावरही वळत राहिली. म्हणजे इथे तंतू गाडी पुढे नेण्यापेक्षा ब्रेक लावण्याचं काम करत असावेत. परीक्षेत ‘ॲक्टिन वाहतुकीस मदत करते’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग आठवावा.

हे सगळं शोधलं कसं? पुटिका तर साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नाहीत.

चमकणारी प्रथिनं आणि विषं यांच्या जोरावर. एफएम४-६४ नावाचा रंग आधी प्रद्रव्यपटल रंगवतो आणि मग काही मिनिटांत आत ओढल्या गेलेल्या पुटिकांत दिसतो. ब्रेफेल्डिन-ए हे बुरशीपासून मिळालेलं द्रव्य. ते दिलं की पिन१ पेशीत गोळा होऊन बसतं, धुऊन काढलं की परत पटलावर जातं. पण ॲक्टिन मोडलेलं असेल तर परतीचा प्रवास होत नाही. हा २००१ सालचा प्रयोग अजूनही मी फळ्यावर काढतो, कारण एका चित्रात पुटिका आणि तंतूंचं नातं येतं. लॅट्रन्क्युलिन तांबड्या समुद्रातल्या स्पंजाचं. आणि नलिका मोडणारं कोल्चिसीन आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात कुंपणावर चढलेली ती लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं. वनस्पतींच्या नलिकांवर त्याचा असर प्राण्यांच्या मानाने फार कमी होतो. कंद विषारी असतो, हौसेने हाताळू नका.

पेंडीमेथॅलीन मारल्यावर तणाची मुळं बोंडासारखी का फुगतात?

हा प्रश्न एका सोयाबीनवाल्या मित्राचा, आणि या पानावरचा माझा आवडता. पेंडीमेथॅलीन हे तणनाशक नलिकांची जुळणी रोखतं. पेशीला लांब कोणत्या दिशेने व्हायचं हे कळत नाही, ती चहूबाजूंनी फुगते, आणि विभाजनही नीट होत नाही. म्हणून मूळ आखूड, टोक जाड. त्याने आणलेलं तण उपटून पाहिलं तर अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं दिसत होतं. पेशीविज्ञानाचा प्रयोग बांधावरच झालेला.

रायझोबियमचा यात काही वाटा?

मोठा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांत गाठी करणारे हे जिवाणू नॉड घटक नावाचे रासायनिक संकेत सोडतात, त्यामुळे मूलरोमाचं टोक वाकतं आणि जिवाणूंना छत्रीच्या मुठीसारखं कवेत घेतं. मग आतल्या बाजूने एक नळी वाढू लागते, जणू उलटा मूलरोमच. तिलाही तंतू हवेत आणि पुटिकाही. लोटस जपॉनिकस या शेंगवर्गीय वनस्पतीत ॲक्टिनची जुळणी करणारी दोन जनुकं बिघडवली तर ही नळी नीट वाढत नाही.

पिकात हे बिघडलेलं कुणी पाहिलंय का, की सगळं प्रयोगशाळेतलंच?

मक्यात पाहिलंय. मूलरोम फुटतात पण लांबतच नाहीत, असा मक्याचा एक उत्परिवर्तित प्रकार होता. २००५ साली कळलं की त्यात बिघडलेलं जनुक एक्सोसिस्टच्या सेक३ या प्रथिनाचं आहे, म्हणजे दावण बांधणाऱ्यांपैकी एकाचं. मक्याच्या दुसऱ्या एका प्रकारात आरएचडी२ चाच भाऊबंद बिघडलेला निघाला. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जागचा फारसा हलत नाही, काळ्या चुनखडीच्या जमिनीत तर चुन्याशी बांधलेला असतो. त्याच्यापर्यंत मुळालाच जावं लागतं. स्फुरद कमी पडलं की ॲराबिडॉप्सिस रोम लांब करतं, ते याच कारणाने.

घरी यातलं काय पाहता येईल?

मुळ्याचं किंवा मोहरीचं बी झाकणाच्या डबीत ओल्या टिपकागदावर ठेवा. दोन-तीन दिवसांत मुळाभोवती पांढरी लव दिसेल. ती बुरशी नव्हे. एका वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांनी ‘सर, बुरशी आली’ म्हणून सगळ्या डब्या धुऊन टाकल्या होत्या. टोकाशी लव नसते, थोडं वर आखूड असते, त्याहून वर लांब. वाढीचे सगळे टप्पे एकाच मुळावर ओळीने मांडलेले. मूळ हलक्या हाताने पाण्याच्या थेंबात ठेवून ४०० पट मोठं करून पाहिलं, तर आतले कण धावताना दिसतात आणि टोकाचा तो स्वच्छ घुमटही. पुटिका दिसणार नाहीत.

झाकण उघडून भिंगाने पाहत बसलात तर घाई करा. कोरड्या हवेत ही लव डोळ्यांदेखत लोळागोळा होते.